औषधाचा कागद समजावून देणारं फाट्यावरचं कृषी केंद्र

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आमच्या गावाच्या फाट्यावर जे कृषी केंद्र आहे, त्याला मी पाचपैकी साडेचार तारे देते. भाव इतरांसारखेच, माल सगळीकडे मिळतो तोच. तारे आहेत ते काउंटरवर होणाऱ्या कामासाठी. फवारणीचं औषध घेतलं की दुकानदार भाऊ बाटलीसोबतचं माहितीपत्रक उघडतात, गिऱ्हाइकाला वाचून दाखवतात आणि मग तेच गिऱ्हाइकाकडून त्याच्या भाषेत ऐकून घेतात. त्याशिवाय बिल फाडत नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. घरी कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर आहे. घडाघडा वाचणारं पण काहीच न उमगलेलं पोर मला वर्गात रोज भेटतं. मोठ्या माणसांचंही तसंच होतं हे ओळखून धंदा करणारं दुकान मला दुसरं माहीत नाही.

पत्रकावर मात्रा बहुधा हेक्टरी दिलेली असते. समजा, 500 लिटर पाण्यात 100 मिली. आमच्याकडे वावर एकरात मोजतात आणि पाणी पंपात. भाऊ पत्रकाच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीनं मांडतात: हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणून एकरी 40 मिली औषध आणि 200 लिटर पाणी, पाठीवरचा पंप 15 लिटरचा, तर एका पंपाला 3 मिली. मग विचारतात, “काका, आता तुमी सांगा मले. एका पंपाले किती?”

“तीन एमएल.”

“अन् मोजसान कायनं?”

“बुचानं.”

इथे भाऊ थांबतात. ड्रॉवरमधून बिनसुईची सिरिंज काढतात, 3 च्या रेघेपर्यंत पाणी ओढून बाटलीच्या बुचात सोडतात. बूच कुठवर भरलं ते काकांनी स्वतः पाहायचं. आकडा पाठ होता, पण त्याचा वावरातला अर्थ सिरिंज पाहिल्यावर लागला. ती सिरिंज भाऊ फुकट देतात.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाचंही असंच. लाल अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, शेवटी हिरवा. हा रंग माणसाला किती धोका आहे ते सांगतो. पण दुकानात उभं राहून लोकांचं बोलणं ऐका. लाल म्हणजे पॉवरबाज, अळी पटकन मरते. हिरवं म्हणजे पिकाला मानवणारं, तोंडाला रुमाल नाही बांधला तरी चालतं. लोक अडाणी आहेत म्हणून असं वाचतात, हे मला पटत नाही. ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस पऱ्हाटी आणि बोंडअळी आहे, तो त्या रंगाचा अर्थ पिकाशीच जोडणार. कागदावर अर्धीच गोष्ट असते, उरलेली अर्धी वाचणारा आपल्या पदरची घालतो. भाऊ म्हणूनच आधी विचारतात, “हा लाल रंग तुमाले काय सांगते?” उत्तर चुकलं तर हसत नाहीत. कोणत्या विचारानं चुकलं ते धरतात आणि तिथून समजावतात. आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात हेच शिकवतात, पण पोर्शनच्या घाईत आमच्यातले कितीजण थांबतात?

मला सगळ्यात हादरवून गेलेलं वाक्य काही औषधांच्या पत्रकावर शेवटी असतं. विशिष्ट उतारा उपलब्ध नाही, लक्षणांनुसार उपचार करावेत, अशा अर्थाचं. डॉक्टरला त्यातून कळतं की या विषावर नेमकं एक औषध नाही, तेव्हा श्वास, फिट, उलटी जे असेल ते सांभाळत रोगी वाचवायचा. एका म्हाताऱ्या काकांनी तेच वाक्य ऐकून म्हटलं, “मंग दवाखान्यात नेऊन काय उपयोग?” शब्द सगळे ओळखीचे होते आणि अर्थ उलटा लागला होता. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं की उतारा नसला तरी इलाज असते, अन् म्हणूनच लवकर न्यायचं, जाताना बाटली किंवा हा कागद संगं घ्यायचा. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या जिल्ह्यात या एका वाक्यावर दहा मिनिटं घालवणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

1988 साली डोना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकेतल्या संशोधकांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी सरस ठरली. या दुकानात मी तेच पाहते. चौथी शिकलेला शेतकरी ‘तुडतुडे, पानाची खालची बाजू’ एवढं ऐकताच नोझल कसं धरायचं ते करून दाखवतो. कॉलेजात शिकणारा त्याचा मुलगा अख्खं पत्रक अडखळल्याशिवाय वाचतो आणि बापाकडे पाहतो.

भाऊ शेवटी एक चिठ्ठी देतात. वर मोठ्या अक्षरात मथळा: ‘पऱ्हाटी – तुडतुडे – 15 लिटर पंप’. खाली चार ओळी. मथळा वर असण्याला फार महत्त्व आहे. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी 1972 मध्ये कपडे धुण्याबद्दलचा एक उतारा विषय न सांगता वाचून दाखवला तेव्हा ऐकणाऱ्यांना तो धड कळला नाही की आठवला नाही. आधी विषय सांगितला त्यांना जमलं. ऐकून झाल्यावर सांगितला त्यांना काही फायदा झाला नाही. छापील पत्रकात कंपनीचं नाव, रसायनाचं नाव, कायद्याच्या सूचना यांतून वाट काढत आपल्या पिकापर्यंत यावं लागतं, तोवर वाचणारा दमतो.

आता अर्धा तारा का कापला ते. जुलै-ऑगस्टमध्ये बाजाराच्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी चिठ्ठी मिळते, समजावणं होत नाही, आणि फवारणीचा मोसम तर तोच. उधारी फार थोड्यांना मिळते, त्यामुळे ज्यांना या समजावण्याची जास्त गरज आहे ते कापूस विकेपर्यंत थांबणाऱ्या दुसऱ्या दुकानात जातात.

आणखी एक गोष्ट मला डाचते. औषध घ्यायला येतो वावराचा मालक, फवारतो रोजीचा मजूर. भाऊ “फवारणार कोण?” असं विचारतात, मालकाच्या मोबाइलवर सूचना बोलून रेकॉर्ड करून देतात, ती मजुराला ऐकवा म्हणतात. चांगलंच आहे. पण आमच्या भागात फवारणीला पोडावरचे, म्हणजे आदिवासी वस्तीवरचे, कोलाम येतात. त्यांची घरची बोली कोलामी. मराठी त्यांना बाजारापुरती येते. ‘विषबाधेची लक्षणे’ त्यात बसत नाही. पोडावरची शिकलेली मुलं आता तालुक्याला कॉलेजात आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडून तरी याच चार ओळी कोलामीत बोलून घ्याव्यात, अशी माझी भाऊंना विनंती आहे. मी ती तोंडानंही केली आहे आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं आहे.

जायचं असेल तर बाजाराचा दिवस सोडून सकाळी दहाच्या आत जा. आपला पंप किती लिटरचा ते पाहून जा, कारण बॅटरीचा आणि पेट्रोलचा यांचा हिशेब वेगळा निघतो. आणि जमलं तर जो फवारणार आहे त्यालाच सोबत न्या.