जिलेटिन स्पंज की सेल्युलोजची जाळी?
शस्त्रक्रियेत यकृतावरून रक्त झिरपतंय, टाका घालायला जागा नाही. अशा वेळी रक्त थांबवायला या दोन्हींपैकी एक तिथे ठेवतात; माझा कल ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजच्या जाळीकडे. ती कोरडीच दाबून धरायची, रक्त लागताच काळी, चिकट होते. तिच्या आम्लतेने जंतूंनाही आळा बसतो, पण थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं प्रथिन) निकामी होतं. थ्रॉम्बिन वापरायचं असेल तर जिलेटिन स्पंजच घ्यावा. तो विरघळायला 4 ते 6 आठवडे, जाळी साधारण 1-2. मज्जारज्जूजवळ दोन्ही फुगून दाब देऊ शकतात, काम झालं की काढलेले बरे.

आणखी एक. स्पंज बहुधा डुकराच्या कातडीपासून बनतो, जाळी वनस्पतीजन्य. निपाणी-चिकोडीकडची जैन कुटुंबं, बेळगावातले मुस्लिम रुग्ण, यांना हे भूल देण्याआधीच सांगायला हवं. मराठीत, कन्नडमध्ये, त्यांना कळेल तसं.