आधी कोणता पाहावा: ‘श्पिओने’ (१९२८) की ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ (१९३५)?

जुन्या हेरपटांसाठी एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर हिचकॉकचा ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ लावा. ८६ मिनिटांचा बोलपट आहे, कुठे रेंगाळत नाही. कामवाली प्रेत पाहून किंचाळायला तोंड उघडते आणि ऐकू येते ती रेल्वेची शिट्टी. खुनाचा आळ आलेला नायक हॅने स्कॉटलंडच्या वाटेला लागलेला असतो.

सगळ्यांत कसदार प्रसंग शेतकऱ्याच्या घरातला. नवरा जेवणाआधीची प्रार्थना म्हणतोय, बायकोची नजर वर्तमानपत्रातल्या खुनाच्या बातमीवर जाते, तिथून हॅनेकडे. नवरा ही नजरानजर टिपतो आणि भलताच अर्थ काढतो. सगळं डोळ्यांनी सांगितलंय. मूकपटांत तयार झालेला दिग्दर्शक इथे ओळखू येतो.

कथेचे दुवे मात्र कच्चे आहेत. मारेकरी हॅनेच्या घरात शिरून तिथे आसऱ्याला आलेल्या हेर बाईला सुरा मारतात, पण त्याच घरात झोपलेल्या हॅनेला हातही लावत नाहीत. त्याच्या छातीवर झाडलेली गोळी खिशातल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात अडकते. पहिल्यांदा पाहताना वेगापुढे हे जाणवत नाही, दुसऱ्यांदा खटकतं.

फ्रिट्झ लांगचा ‘श्पिओने’ (म्हणजे ‘हेर’) जर्मन मूकपट आहे आणि तो सबुरी मागतो. बँकेच्या आडून हेरांचं जाळं चालवणारा, चाकांच्या खुर्चीतला हागी. ३२६ या क्रमांकाने ओळखला जाणारा सरकारी हेर. त्याच्यावर सोडलेली आणि त्याच्याच प्रेमात पडलेली सोन्या. पुढच्या हेरपटांत वारंवार दिसलेला बराच ऐवज इथे आहे. जपानी हेरप्रमुख मात्सुमोतोचं उपकथानक तर आजही चटका लावतं: तीन दूतांच्या पाकिटांत तो नुसती वर्तमानपत्रं भरतो, हागीला हवा असलेला खरा करार स्वतःजवळ ठेवतो, आणि आसरा दिलेल्या मुलीकडूनच फसतो. उणिवा दोन: प्रेमप्रसंग लांबतात, आणि हागीपुढे नायक फिका पडतो.

प्रत नीट निवडा. ‘श्पिओने’ची दीड तासाच्या आसपासची कापलेली आवृत्तीही फिरते, तीत दुवेच गळतात. जुने जर्मन चित्रपट जतन करणाऱ्या मुर्नाव प्रतिष्ठानने पुनर्संचयित केलेली, जवळजवळ अडीच तासांचीच घ्या. ‘थर्टी-नाइन स्टेप्स’च्या फुकट प्रतींत बऱ्याचदा चित्र धूसर आणि आवाज घोगरा असतो. त्यात स्कॉटिश उच्चार, म्हणून सबटायटल्स हवीतच.

‘श्पिओने’ एका बैठकीत झेपणार नसेल, तर मात्सुमोतोच्या शेवटाशी थांबा. बोगद्यातली रेल्वेची धडक त्यानंतर येते, ती ताज्या डोळ्यांनी पाहायला हवी.