बारावी मॅथ्स रिव्हिजन: धडा धरून की मिक्स भाजी?

यंदा भाचा बारावी सायन्सला आहे. गेल्या रविवारी डिचोलीला ताईकडे गेलो तर जेवणाआधीच हा विषय निघाला, की आता बोर्डाला थोडेच दिवस उरलेत तर मॅथ्स कसं करावं, एकेक धडा धरून पुरा संपवत जावा की सगळं मिसळून सोडवावं. मी हे दोन्ही प्रकार एकाच वर्षात करून बसलेलो आहे, प्रिलिमपर्यंत एक आणि प्रिलिमनंतर दुसरा, म्हणून लिहितोय. अनुभव एकाच माणसाचा आहे एवढं लक्षात ठेवून वाचा.

व्हिडिओ बघून रिव्हिजन हा तिसरा पर्याय मी धरतच नाही. सर सोडवतात आणि मान आपली हलते, पेन तसंच टोपण लावलेलं.

तर धडा धरून म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. एनसीईआरटी उघडायचं, इंटिग्रल्स म्हटलं की सातव्या धड्याच्या एक्झरसाइज ७.१ पासून सुरू, धडा संपला की पुढचा. याचं सुख मोठं आहे हो, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी वहीची पंधरा पानं भरलेली दिसतात, सगळ्या उत्तरांवर टिकमार्क, आई चहा घेऊन येते ती पण खूश. मी डिसेंबरभर असंच केलं आणि इंटिग्रल्स आपल्याला येतं असं ठाम वाटायला लागलं.

मग प्रिलिमच्या पेपरात एक चिमूटभर गणित आलं, लॉग एक्स भागिले एक्स, इंटिग्रेट करा. आता हे कुणालाही सुटेल, लॉग एक्सला टी धरलं की दोन ओळींत टी स्क्वेअर बाय टू. पण मला लॉग दिसला आणि हात आपोआप बाय पार्ट्सकडे, म्हणजे गुणाकाराचं इंटिग्रल फोडून करायच्या मेथडकडे गेला, कारण एक्स गुणिले लॉग एक्स मी बाय पार्ट्सनेच केलेलं आणि दोन्ही दिसायला सख्खी भावंडं. बाय पार्ट्स लावल्यावर काय झालं तर लॉग एक्सचा स्क्वेअर वजा परत तेच इंटिग्रल, म्हणजे जिथून निघालो तिथेच. खरं तर तेव्हासुद्धा ते इंटिग्रल डावीकडे नेऊन दोनाने भागलं असतं तर उत्तर हातात होतं, पण मला वाटलं चुकलो, सगळं खोडलं, परत बाय पार्ट्स लावलं, परत तेच. दहा-बारा मिनिटं त्यात गेली आणि नंतरच्या थ्रीडीच्या गणिताला वेळ उरला नाही.

घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की गोची कुठे होती, आणि धडा की मिक्स याचा माझा निकाल याच एका गोष्टीवर लागला. पुस्तकात एक्झरसाइज ७.६ उघडलं की सगळं बाय पार्ट्सचंच असतं. ७.५ म्हणजे पार्शल फ्रॅक्शन्स. ७.२ म्हणजे सब्स्टिट्यूशन. मी अख्खा डिसेंबर एकदासुद्धा स्वतःला विचारलं नव्हतं की इथे कुठली मेथड लावायची, ते वरचा नंबरच मला सांगत होता. पेपरात तो नंबर नसतो. अर्धं गणित तर तिथेच असतं, बाकीचं अर्धं आकडेमोड.

त्यानंतर मिक्स भाजी सुरू केली. हे नाव मित्रांनी दिलेलं, हॉटेलात पातळ आणि सुकी एकत्र घेऊन पावाबरोबर खातात तसं. आधी मी शहाणपणा करून चिठ्ठ्यांवर नुसते नंबर लिहिले, ७.६ चा अकरावा प्रश्न वगैरे, आणि दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की अरे ही चिठ्ठीच उत्तर फोडतेय. मग सगळ्या एक्झरसाइजेसच्या झेरॉक्स काढल्या, आणि झेरॉक्स काढताना एकाच बाजूने काढा बरं का, मी पहिल्यांदा पाठपोट काढल्या आणि कात्री लावल्यावर मागची गणितं अर्धी कापली गेली. प्रश्न कापून मागे बारीक अक्षरात नंबर लिहायचा, उत्तर तपासण्यापुरता. गणपतीत नेवऱ्या ठेवायचा पत्र्याचा डबा आईकडून मागून घेतला, त्यात सगळं टाकून हलवायचं आणि रोज दहा चिठ्ठ्या उचलायच्या. एक दिवस तर सलग तीन डिटरमिनंट आले, तेही नशीबच.

मिक्सचा त्रास मात्र जबरदस्त आहे, तो लपवत नाही. पहिल्या आठवड्यात दहातली चार बरोबर यायची, कधी पाच. डिसेंबरात मी हुशार होतो आणि फेब्रुवारीत ढ झालो असं वाटायचं. शिगमा जवळ आलेला, वाड्यावर ढोलाची प्रॅक्टिस चाललेली आणि मी एका चिठ्ठीकडे वीस मिनिटं बघत बसलेलो. बहुतेक मुलं इथेच सोडतात आणि परत धड्यावर जातात, कारण तिथे टिकमार्क मिळतात. मी सोडलं नाही ते काही निर्धार वगैरे नव्हता, एवढी कात्री चालवून तयार केलेल्या चिठ्ठ्या फुकट घालवायला जीव होईना.

पुढे फर्मागुडीला इंजिनिअरिंगला असताना एका लेखात वाचलं की अमेरिकेत रोहरर आणि टेलर या दोघांनी याचाच प्रयोग केलेला, २००७ साली छापून आला. विद्यार्थ्यांना काही विचित्र आकारांचं घनफळ काढायला दिलं, काहींना एकेक प्रकार सलग, काहींना मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० वर आणि मिसळवाले ६३ वर. ते आकडे वाचताना मला माझ्या दहातल्या चारच आठवल्या. असा प्रयोग आहे हे तेव्हा माहीत असतं तर रात्रीची झोप तरी बरी लागली असती.

आता धडेवाल्यांच्या बाजूने पण बोलतो. जो धडा मुळात आलाच नाही तो डब्यात टाकून काही होत नाही, तो आधी सलगच करावा लागतो. लिनियर प्रोग्रॅमिंगचं गणित लांबूनच ओळखू येतं, इनइक्वॅलिटीज दिसल्या की ग्राफ, तिथे मिसळून काय मिळणार. तीन बाय तीनचं इन्व्हर्स काढणं हा निव्वळ हातसफाईचा भाग, तिथे सलग दहा केलेली बरी. थ्रीडीत दोन रेषांमधलं शॉर्टेस्ट डिस्टन्स पण तसंच, फॉर्म्युला पाठ आणि चिन्हं सांभाळायची.

पण इंटिग्रल्स आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स, या दोन धड्यांना माझं मत मिक्सलाच. डिफरन्शिअल इक्वेशन्समध्ये तर सोडवणं सोपंच असतं, ओळखणंच अवघड. व्हेरिएबल सेपरेबल आहे, होमोजिनियस आहे की लिनियर, आणि काही इतकी चावट की उलटं करून डीएक्स बाय डीवाय लिहिल्याशिवाय लिनियर दिसतच नाहीत. पुस्तकात ती लिनियरच्याच एक्झरसाइजमध्ये बसलेली असतात म्हणून आपल्याला वाटतं आपण ओळखलं. प्रॉबॅबिलिटीतही कंडिशनल आणि बेज यांची अशीच गल्लत होते, थोडी कमी.

चिठ्ठ्या कापायचा कंटाळा असेल तर बहुतेक धड्यांच्या शेवटचं मिसलेनियस एक्झरसाइज आहेच. निदान त्या धड्यापुरता तरी नंबर काही सांगत नाही. आणि जुने बोर्डाचे पेपर म्हणजे आयती मिक्स भाजीच, पण ते मोजकेच असतात, महिनाभर आधीच संपवले तर शेवटी घड्याळ लावून सोडवायला कोरा पेपर राहत नाही. मी दोन राखून ठेवले होते, तेवढे पुरले. आमच्या वेळी इंजिनिअरिंगला जीसीईटी ही गोव्याची प्रवेशपरीक्षा होती, आता जेईई मेन, तिथेही धड्याचं नाव कोणी छापून देत नाही.

तर आज मला विचाराल तर पहिले काही दिवस कच्चे धडे सलग आणि मग उरलेले सगळे दिवस डबा. तुमचं डोकं वेगळं असू शकतं, ज्यांना सलग करूनच जमतं असे लोक माझ्या वर्गातही होते आणि त्यातले एक-दोन माझ्यापुढे गेले.

भाच्याला डबा दिला, झेरॉक्सचे पैसेही दिले. त्याने चार चिठ्ठ्या उचलल्या, एक सुटली, आणि "मामा, हे टाइमपास आहे" म्हणून ७.६ उघडून बसला. त्याची प्रिलिम सोमवारी आहे.