मोडीचा धडा सगळ्यांकडे चालावा म्हणून: ‘हँडब्रेक’ या चित्रफिती रूपांतरित करणाऱ्या सॉफ्टवेअरचे परीक्षण

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी मोडी लिपीचा छोटासा वर्ग भरतो. जुनी गायकवाडी कागदपत्रे स्वतः वाचता यावीत एवढ्याच इच्छेने पाचसहा जण येतात. जे परगावी असतात त्यांच्यासाठी वर्गाच्या संकेतस्थळावर चार-पाच मिनिटांच्या चित्रफिती ठेवायच्या, असे गेल्या दिवाळीत ठरले. पहिला धडा भाच्याच्या आयफोनवर चित्रित केला: आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. फाइल होती तशीच संकेतस्थळावर चढवली. संध्याकाळी इंदूरच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला, “काका, तुमचा आवाज स्वच्छ येतोय, पण पडदा काळाच आहे.”

दोष ना तिच्या लॅपटॉपचा होता ना फोनचा. फाइल तपासून न पाहता चढवणाऱ्याचा, म्हणजे माझा होता. दप्तरखान्यात कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात. रुमालाची गाठ कोणालाही सोडता येते, पण आतला कागद मोडीत असेल तर तो मोडी येणाऱ्यालाच वाचता येतो. चित्रफितीच्या फाइलचेही तसेच: एमपी४, एमओव्ही, वेबएम ही नावे रुमालाची आहेत. आत चित्र कोणत्या पद्धतीने आवळून ठेवले आहे, ती बाब वेगळी. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन चित्रण एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, या पद्धतीने साठवू शकतो. जागा वाचते हे खरे, परंतु पुष्कळशा जुन्या विंडोज संगणकांवर आणि ब्राउझरांत ते उलगडत नाही. याउलट २००३ साली प्रमाण म्हणून मान्य झालेली एच.२६४ ही पद्धत आज जवळजवळ प्रत्येक फोन, टीव्ही आणि ब्राउझर ओळखतो, कारण ती उलगडण्याची सोय यंत्राच्या चिपमध्येच बसवलेली असते. शिकवण्याच्या चित्रफितीला एमपी४च्या रुमालात एच.२६४चे चित्र आणि एएसी पद्धतीचा आवाज द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वेबएमचा रुमाल आणि एव्ही१ ही चित्राची पद्धत अधिक आधुनिक असली, तरी आमच्या विद्यार्थ्यांत दहा वर्षांपूर्वीचे टॅब्लेट वापरणारी मंडळी आहेत आणि त्यांना धडा दिसणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

हे रूपांतर करण्यासाठी प्रथम एका फुकट सेवा देणाऱ्या संकेतस्थळाचा आसरा घेतला. त्याने चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचा शिक्का उमटवला, आणि तो नेमका ‘ळ’च्या शेपटावर आला. त्यानंतर हँडब्रेक घेतले.

हँडब्रेक हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असून ते २००३ पासून चालत आलेले आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते विनामूल्य मिळते. उतरवून घेताना मात्र मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्या एका पर्यायी सर्व्हरवर घुसखोरी होऊन मॅकच्या काही प्रतींत घातक प्रोग्रॅम मिसळला गेला होता, आणि हे त्यांनी स्वतःच जाहीर केले होते. सगळे रूपांतर आपल्याच संगणकावर होते, त्यामुळे फाइल परक्याच्या हाती जात नाही आणि शिक्क्याचाही प्रश्न उरत नाही.

फाइल उघडल्यावर तयार मांडण्यांची यादी समोर येते. त्यातली ‘फास्ट १०८०पी३०’ निवडली की निम्मे काम झाले. तिच्यात एमपी४, एच.२६४ आणि एएसी हे तिन्ही आधीच ठरलेले असतात. व्हिडिओच्या पानावर ‘एच.२६४ १०-बिट’ असाही पर्याय दिसतो, त्याच्या नादी लागू नये; नाव ओळखीचे असले तरी तो बहुतेक फोनांना पेलत नाही. फोनचे चित्रण सेकंदाला नेहमी सारख्याच संख्येने चौकटी (फ्रेम) घेत नाही, म्हणून तिथेच ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून ३० ठेवावे. बोरूची हालचाल आणि माझे बोलणे त्यामुळे एकमेकांशी जुळून राहिले.

खरी परीक्षा झाली ती दर्जाच्या पट्टीवर. या पट्टीवरचा आरएफ हा आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १०८०पी चित्रासाठी २० ते २४ या मर्यादेत राहावे, असे हँडब्रेकच्याच मार्गदर्शिकेत सांगितले आहे. काटकसरीच्या सवयीने मी प्रथम २८ ठेवला. हातकागदाची वीण पार पुसली गेली, ते चालले असते. पण बोरू वळताना रेघ जिथे बारीक होते, तिथे तिच्याभोवती धुरकट चौकोन उमटले आणि ती मध्येच तुटल्यासारखी दिसू लागली. मोडीत रेघ तुटली की अक्षरच बदलले असे शिकणाऱ्याला वाटते. २० वर तोच भाग पुन्हा काढला, तेव्हा शाई किंचित फुटलेली कडासुद्धा स्पष्ट दिसली, आणि तरीही फाइल फोनमधल्या मूळ फाइलच्या निम्म्याहून लहान झाली, कारण स्थिर कागद आणि हलणारा एक हात एवढेच चित्रात होते. दर वेळी पूर्ण धडा रूपांतरित करत बसण्याची गरज नाही. ‘प्रिव्ह्यू’च्या खिडकीत काही सेकंदांचा नमुना काढून पाहता येतो, ही सोय मला सर्वांत उपयोगाची वाटली.

‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ नावाची एक छोटी चौकट पहिल्याच पानावर आहे. तिच्यावर खूण करायची मी विसरलो आणि त्याचा त्रास दोन दिवस भोगला. एमपी४ फाइलमध्ये चित्राची कोणती फ्रेम कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते आणि ती सहसा शेवटी लिहिली जाते. रुमालातला यादीचा कागद अगदी तळाशी असावा तसे. या चौकटीवर खूण केली की अनुक्रमणिका आरंभी येते आणि पूर्ण फाइल उतरण्याआधीच चित्रफीत सुरू होते. इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या बिनबोभाट ठेवावी, हे मला पटलेले नाही.

इतर उणिवाही आहेत. हे संपादनाचे साधन नाही: आरंभ आणि शेवट सेकंदांत सांगून तेवढा भाग काढता येतो, पण मधला खोकला कापता येत नाही आणि दोन तुकडे जोडताही येत नाहीत. नवख्या माणसाला पानापानांवरचे पर्याय पाहून धडकीच भरावी. आवाजाच्या पानावर मी फक्त स्टिरिओऐवजी मोनो केले; एकट्या माणसाच्या बोलण्याला तेवढे पुरते.

नवी फाइल चढवल्यावर इंदूरची विद्यार्थिनी, घरातला जुना अँड्रॉइड टॅब्लेट आणि शेजारच्या गुजराती काकांचा टीव्ही अशा तिन्ही ठिकाणी ती पाहिली, आणि तिन्हीकडे चित्र दिसले. आता उरलेले धडे ‘क्यू’मध्ये एकापाठोपाठ लावतो आणि रात्री निजताना संगणक चालू ठेवतो. सकाळी फाइली तयार असतात, मूळ चित्रण मात्र वेगळ्या डिस्कवर तसेच जपून ठेवले आहे.