पहिल्या स्नोबोर्डिंगसाठी गुलमर्ग की औली?
मित्रांसह पहिल्यांदाच स्नोबोर्डवर उभे राहायचे असेल, तर माझ्या मते गुलमर्ग सरस ठरते. श्रीनगरपासून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे, बर्फ तुलनेने भरवशाचा असतो आणि गोंडोलाच्या (केबल कारच्या) पायथ्याशी नवख्यांना पडत-उठत शिकण्याजोगे सौम्य उतार आहेत. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवट शिखराकडे जाऊन बोर्डवरून उतरण्याचा मोह मात्र पहिल्या वर्षी टाळावा, कारण तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे. उत्तराखंडातल्या औलीला ऋषिकेशहून जोशीमठमार्गे पोहोचण्यातच अख्खा दिवस जातो (सह्याद्रीतले घाट पचवणाऱ्यांनाही हा रस्ता थकवतो) आणि तिथे स्नोबोर्डपेक्षा स्कीइंगचाच बोलबाला आहे. परंतु चालण्याची ओढ अधिक असलेल्यांना ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीचे दर्शन घडवणारी गोरसन बुग्यालची (उंचावरच्या गवताळ कुरणाची) वाट तिथेच मिळते.