पिल्लू अंड्यात अडकलंय: थांबायचं की सोडवायचं?

कोंबडीचं अंडं उबवायला ठेवल्याचा 21वा दिवस. सकाळी सातला अंड्याला टवका पडला, आतून चिवचिव ऐकू येतेय, पण दिवस मावळला तरी भोक तेवढंच. बाकीची पिल्लं वाळून हिंडायला लागली. हात शिवशिवतात, नखाने जरा टरफल काढून द्यावं का?

बहुतेक वेळा नाही. टवका पडल्यापासून बाहेर यायला 12 ते 24 तास सहज लागतात. पिल्लू दमलंय असं आपल्याला वाटतं, पण त्याचं काम आत चालूच असतं: उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो आणि टरफलाच्या आतल्या पापुद्र्यातलं रक्त अंगात परत जातं. ते उरकलं की पिल्लू आतल्या आत फिरत रुंद टोकाची टोपी कापत जातं. भुकेची काळजी नको. पोटातल्या बलकावर बाहेर आल्यावरही दिवसभर निभतं.

मी एकदा नवव्या तासालाच चिमटा घेऊन बसलो. पापुद्रा ओढला तशी लाल रेघ उमटली आणि थेंब ओघळला. पिल्लू निघालं, पण बेंबीशी हरभऱ्याएवढा बलक लोंबत होता. सकाळपर्यंत गेलं.

मग कधीच हात लावायचा नाही का? तसंही नाही. घड्याळापेक्षा पापुद्रा बघा. पांढरा, ओलसर असेल तर थांबा. पिवळट-तपकिरी पडून कागदासारखा वाळला असेल, तर पिल्लू त्यात आवळलं गेलंय. तिथे वाट बघणं म्हणजे त्याला मरू देणं. अन् हे बहुधा आपलंच पाप असतं. शेवटचे तीन दिवस इनक्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवायच्या यंत्रात, आर्द्रता 65 ते 70 टक्के हवी, आणि आपण कौतुकाने झाकण उघडत बसतो. टवका अरुंद टोकाला पडला असेल तर पिल्लू उलटं बसलंय. त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा, पण लगेच फोडू नका.

सोडवायचंच ठरलं तर कापूस कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि पापुद्रा भिजवा, चोचीत पाणी जाऊ देऊ नका. टवक्यापासून रुंद टोकाच्या बाजूने तुरीच्या डाळीएवढे कपचे काढा, फक्त टरफलाचे. पापुद्र्यात लाल शीर दिसली की काम बंद. अंडं परत उबेत ठेवा आणि काही तासांनी बघा. शिरा दिसेनाशा झाल्या की चोचीभोवतीचा पापुद्रा मोकळा करा. टोपी सुटली की मात्र हात काढून घ्या, पाय झाडत उरलेलं टरफल त्याचं त्याला ढकलू द्या. एवढं करूनही काही पिल्लं जगत नाहीत.

खुडूक कोंबडीखालच्या अंड्यांत मी ढवळाढवळ करत नाही. उबेचं आणि ओलाव्याचं गणित तिला आपल्यापेक्षा बरं जमतं. अडचण एकच: पिल्लं निघाली की ती त्यांना घेऊन उठते आणि मागे राहिलेलं अंडं थंड पडतं. टवका पडलेलं असं अंडं दिसलं तर फोडत बसू नका, आधी उबेत न्या. इनक्युबेटर चालू असेल तर तिथे. झाकण उघडलंच आहे तर वाळलेली पिल्लंही त्याच खेपेत बाहेर काढा.