लाकूड पोखरणाऱ्या मेफ्लाय आणि ‘झूकीज’: एका खुल्या नियतकालिकाचे परीक्षण

‘झूकीज’ हे प्राणिवर्गीकरणाला वाहिलेले नियतकालिक बल्गेरियातील सोफिया येथील पेन्सॉफ्ट ही संस्था २००८ पासून प्रकाशित करते. त्यातील प्रत्येक लेख कोणालाही नोंदणी न करता आणि पैसे न भरता वाचता येतो. अशा सेवेची पारख तिच्या जाहिरातीवरून होत नाही. त्यातील एखादा मोठा लेख शेवटपर्यंत वाचल्यावरच ती होते. हे परीक्षण त्यासाठी २०१५ च्या ४७८ व्या अंकातील एका लेखावर आधारलेले आहे. अर्जेंटिनातील तुकुमानचे कार्लोस मोलिनेरी, ब्राझीलचे फ्रेदेरिको सालेस आणि अमेरिकेतील फ्लोरिडाच्या जॅनिस पीटर्स यांनी तो लिहिला असून दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत राहणाऱ्या लाकूडपोखऱ्या मेफ्लायचा संपूर्ण फेरआढावा त्यात घेतला आहे.

आधी या कीटकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्या जीवनक्रमामुळेच त्याचे वर्णन करणे अवघड होते. मेफ्लायचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली निम्फच्या, म्हणजे पंख न फुटलेल्या पिल्लाच्या, रूपात जाते. पंख फुटल्यानंतरही पुन्हा एकदा कात टाकणारे कीटक आज फक्त हेच आहेत. प्रौढावस्थेत तोंडाचे अवयव निकामी झालेले असल्याने प्रौढ काही खात नाही. त्याचे आयुष्य काही तासांचे किंवा फार तर थोड्या दिवसांचे असते. लेखातील गट पॉलिमिटार्सिडी या कुलातला आहे. त्यातील ‘अ‍ॅस्थेनोपस कर्टस’ ही जाती कीटकशास्त्रज्ञ हागेन यांनी १८६१ मध्येच नोंदवली होती. तिचे निम्फ अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पाण्यात बुडालेल्या लाकडात सुळ्यांसारख्या जबड्यांनी बोगदे कोरतात आणि आत राहून पाण्यातून वाहत येणारे अन्नकण गाळून खातात. पुराच्या पाण्यात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या जंगलात कुजणाऱ्या लाकडाचे तुकडे होण्यास हे बोगदे हातभार लावतात. म्हणूनच हा कीटक केवळ संग्राहकांच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

निम्फ लाकडात दडलेला, तर प्रौढ दिव्याभोवती थोडा वेळ दिसून नाहीसा होणारा. त्यामुळे एकाच जातीची ही दोन रूपे जुन्या साहित्यात अनेकदा एकमेकांशी जोडलेलीच नसतात. प्रौढ नराची जननेंद्रिये, पंखांतील शिरा, पायांची लांबी, अंड्याच्या पृष्ठभागाची ठेवण, निम्फचे सुळे आणि कल्ले हे सर्व एकत्र पाहिल्याखेरीज नवी जाती ठामपणे मांडता येत नाही. या लेखाचे मोल मला सर्वांत जास्त इथे जाणवते. त्यात ‘अ‍ॅस्थेनोपस मॅग्नस’, ‘अ‍ॅस्थेनोपस हबार्डी’ आणि ‘अ‍ॅस्थेनोपस ग्वारानी’, तसेच ‘अ‍ॅस्थेनोपोडीस ट्रॅव्हरी’ आणि ‘अ‍ॅस्थेनोपोडीस चुमुको’ या नव्या जातींची वर्णने आहेत. कीटकशास्त्रज्ञ उल्मर यांनी १९२४ मध्ये मांडलेली आणि पुढे रद्द ठरलेली ‘अ‍ॅस्थेनोपोडीस’ ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) लेखकांनी पुन्हा प्रस्थापित केली आहे. ‘हबार्डिपीस’ आणि ‘प्रायअ‍ॅस्थेनोपस’ या दोन प्रजाती नव्याने उभारल्या आहेत. आफ्रिकेतील ‘पोविला’ आणि आशियातील ‘लँग्विडिपीस’ या नातेवाइकांशी तुलना केल्याने हा गट तीन खंडांत कसा विखुरला आहे, हा प्रश्नही वाचकासमोर येतो. ‘पोविला’चे निम्फ आपल्या बोगद्यांना रेशमासारख्या स्रावाचे अस्तर लावतात, आणि व्हिक्टोरिया सरोवरावर तिचे प्रौढ पौर्णिमेच्या सुमारास मोठ्या संख्येने बाहेर पडतात. वर्गीकरणाच्या कोरड्या वाक्यांमागे असा सजीव व्यवहार आहे, हे लक्षात ठेवून हा लेख वाचावा.

आता सेवेविषयी. लेख संगणकाच्या पडद्यावर वाचण्याच्या स्वरूपात आणि छापण्याजोग्या पीडीएफ स्वरूपात असा दोन्ही प्रकारे मिळतो. पडद्यावरील आवृत्तीत कीटकाच्या नावावर, चित्राच्या क्रमांकावर किंवा संदर्भावर टिचकी मारली की संबंधित नोंद लगेच समोर येते, आणि सूक्ष्म अवयवांच्या आकृत्या मोठ्या आकारात उघडून पाहता येतात. अशा लेखनात आकृती हाच पुरावा असतो. ती अस्पष्ट असेल तर लेखकाचे म्हणणे तपासण्याचा मार्गच बंद होतो. नव्या नावांना ‘झूबँक’ या अधिकृत नोंदवहीतील क्रमांक दिलेले असतात. २०१२ मध्ये प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत झालेल्या दुरुस्तीनुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाला अशी नोंद बंधनकारक आहे. शिवाय श्रेय देऊन मजकूर व चित्रे वापरण्याची मुभा परवान्यातच असल्यामुळे, महाराष्ट्रातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला मेफ्लायच्या जबड्याची आकृती स्वतःच्या मराठी टिपणात वेगळी परवानगी न मागता घालता येते. ही सोय लहान वाटते, पण अध्यापनात तिचा उपयोग फार मोठा आहे.

काही मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. वाचकाला मोफत मिळणाऱ्या लेखाचा खर्च प्रकाशनशुल्काच्या रूपाने लेखकावर किंवा त्याच्या संस्थेवर पडतो. सवलतीची तरतूद असली, तरी अनुदानाशिवाय काम करणाऱ्या दक्षिण अमेरिकेतील किंवा भारतातील संशोधकाला हा भार जड वाटणे स्वाभाविक आहे, आणि नद्यांतील कीटकांची खरी विविधता नेमकी अशाच संशोधकांच्या परिसरात आहे. वाचनाची अडचण वेगळी आहे. वर्णने क्रियापद टाळून, तुटक विशेषणांच्या ओळींत लिहिण्याची या शास्त्राची परंपरा आहे आणि ‘झूकीज’ने तिच्यात फारसा बदल केलेला नाही. नवख्या वाचकासाठी अवयवांची नावे दाखवणारी एक साधी आकृती अशा प्रत्येक मोठ्या लेखाच्या प्रारंभी असती, तर फार बरे झाले असते.

तरीही नदीतील कीटकांचा अभ्यास सुरू करणाऱ्याला मी या नियतकालिकाची शिफारस निःसंकोचपणे करीन. सह्याद्रीच्या ओढ्यांतील मेफ्लाय गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला अ‍ॅमेझॉनच्या जाती ओळखायच्या नसतात. परंतु एखादी जाती वेगळी आहे असे म्हणण्यासाठी किती आणि कोणता पुरावा लागतो, हे त्याला या लेखातून शिकता येते. वाचताना लेखाचा क्रम मात्र बदलावा. सुरुवात ओळखीच्या सूचीपासून, म्हणजे लक्षणांचे पर्याय निवडत जातीपर्यंत नेणाऱ्या यादीपासून करावी, तिच्यातील प्रत्येक पर्यायाशी संबंधित आकृती शेजारी उघडून ठेवावी, आणि दोन जवळच्या जातींमधील फरक स्वतःच्या डोळ्यांना दिसू लागल्यावरच सविस्तर वर्णनांकडे वळावे. पीडीएफ संग्रही ठेवावी. अभ्यास मात्र पडद्यावरील आवृत्तीवरून करावा, कारण मोठ्या आकृत्यांचा खरा लाभ तिथेच मिळतो.